पंचावन्न कुठं गेले?

"आमचे पंचावन्न—"

"परत द्या! परत द्या!"

मी खिडकीतून वाकून पाहिलं. टेलिफोन ऑफिसच्या फाटकाशी दोन ट्रक उभे होते आणि त्यांतून माणसं उतरतच होती. पुढे कॉलेजची पोरं, त्यांच्या मागे मास्तर मंडळी, आणि सगळ्यात मागे डोक्यावर पदर घेतलेल्या पंधरा-वीस बाया नि घोंगडी घेतलेले काही म्हातारे. एका पोराच्या हातात पुठ्ठा होता. त्यावर लाल रंगात मोठ्ठा ५५ आणि खाली "हिशेब द्या".

टेंबेसाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. आमच्या कासारवाडा ऑफिसचे ते प्रमुख, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. हातात चहाची कपबशी होती.

"खटावकर मॅडम, पंचावन्न काय हे? आपण कुणाची पंचावन्न माणसं धरून ठेवलीत का?"

"माणसं नाहीत साहेब. एमबी."

"म्हणजे ते तुमच्या फायबरचं?"

"हो."

"तुमच्या" या शब्दावर त्यांनी दिलेला जोर मला बरोबर कळला. गोष्ट दोन हजार सहा सालची. मी सव्वीस वर्षांची होते, नोकरीत कायम व्हायला एक महिना बाकी होता, आणि हा सगळा घोटाळा माझ्याच तोंडाने झाला होता.

झालं होतं ते असं. आदगोंडा पाटील, म्हणजे आमच्या तालुक्याचे अण्णा, यांनी गावाबाहेर इंजिनिअरिंग कॉलेज काढलं होतं. कॉलेजला शंभर एमबीची इंटरनेट लाईन हवी होती. वरून तपासणीला माणसं येणार होती, आणि त्यांच्या कागदात शंभरचा आकडा होता. कॉलेजचे प्राचार्य भोसेकर यांनी मला फोन केला, "मॅडम, शंभरची लाईन मिळेल का?" मी नुकतीच फायबरचं प्रशिक्षण घेऊन आले होते. अंगात ज्ञान मावत नव्हतं. म्हटलं, "शंभर कसले घेऊन बसलात सर! आमच्या फायबरवर शंभर हे मापच नाही. तिथं सुरुवातच एकशेपंचावन्नपासून होते."

एवढंच म्हणून फोन ठेवला असता तरी निभावलं असतं. पण मी पुढे म्हटलं, "अख्खीच घेऊन टाका."

अण्णांनी अख्खी घेतली. आठ दिवसांत एसटी स्टँडपासून साखर कारखान्याच्या वळणापर्यंत फ्लेक्स लागले. त्यावर अण्णांचा हात जोडलेला फोटो आणि शेजारी "तालुक्यात प्रथमच! १५५!!!" कसले एकशेपंचावन्न ते कुठंच लिहिलं नव्हतं. लोकांना वाटलं, कॉलेजात तेवढ्या जागा वाढल्या. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली, नारळ फुटला, अण्णांनी स्वतः संगणकाचं बटण दाबलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा फुगा वर आला. जोडणी झाली आहे, वेग शंभर.

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने वाचलं. अण्णांनी भोसेकर सरांकडे पाहिलं. भोसेकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी हा मोर्चा.

"ऐका," टेंबेसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "खाली जाऊन दोनच शब्द बोलायचे. तांत्रिक कारण. बत्तीस वर्षं मी या दोन शब्दांवर काढली. तिसरा शब्द बोललात की माणूस फसतो."

"आणि त्यांनी विचारलं, कसलं तांत्रिक कारण?"

"मग म्हणायचं, वरिष्ठांना कळवतो. आणि मागच्या दाराने चहाला जायचं."

पण मागच्या दाराशीही चार पोरं उभी होती. आम्ही पुढच्या पायऱ्यांवर गेलो.

अण्णा ट्रकच्या फळीवर चढून बोलत होते. पांढरा शुभ्र पोशाख, बोटात तीन अंगठ्या, आवाज असा की ध्वनिक्षेपकाला लाज वाटावी. "मागितले शंभर. म्हणाले, एकशेपंचावन्न घ्या. घेतले! मिळाले किती? शंभर! अरे, वाण्याकडं पायलीभर जोंधळा मागितला आणि घरी येऊन मापलं तर तीन शेर, तर आपण वाण्याला सोडतो का?"

"न्हाई!"

"मग ह्यांना का सोडायचं?"

घोषणा झाल्या. मग अण्णा माझ्याकडे वळले आणि एकदम घरगुती आवाजात म्हणाले, "खटावकर मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. लेकीसारख्या आहात. फक्त एवढं सांगा. पंचावन्न कुठं गेले?"

टेंबेसाहेब माझ्या कानाशी कुजबुजले, "तांत्रिक."

"तांत्रिक कारण आहे," मी म्हटलं.

"कोणतं?" भोसेकर सरांनी ताबडतोब विचारलं. त्यांच्या हातात कॅल्क्युलेटर होता. गणिताचा माणूस मोर्चात असला की असं होतं.

मी टेंबेसाहेबांकडे पाहिलं. ते आभाळाकडे बघत होते. खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत मी घरी कागदावर सगळा हिशेब मांडला होता. तो कुणाला तरी सांगावा, असं मला मनापासून वाटत होतं. ऑफिसात ऐकणारं कुणी नव्हतं. इथे दोनशे माणसं फुकट मिळाली होती.

"सांगते," मी म्हटलं. "पण मधे बोलायचं नाही."

टेंबेसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

फाटकाजवळ नोटिसांचा काळा फळा होता. त्यावरची बिल भरण्याची सूचना पुसून मी खडूने एक लांबलचक मालगाडी काढली.

"ही आपली फायबरवरची गाडी. हिचं माप एकशेपंचावन्न. पण गाडी चालवायची तर इंजिन हवं, गार्ड हवा, कुठला डबा कुठं उतरवायचा त्याची यादी हवी. त्यात साडेपाच-सहा जातात. ते कुणालाच मिळत नाहीत. मुंबईलासुद्धा नाही."

"मुंबईलासुद्धा न्हाई" हे लोकांना पटलं. एक-दोघांनी माना डोलावल्या.

"उरले दीडशे. त्यात सारखे त्रेसष्ट डबे. एकेका डब्यात दोन आणि वर थोडं. आता ही गाडी कॉलेजात पोचली. पण कॉलेजातल्या संगणकाचं जे भोक आहे, ज्यात वायर खुपसतो, ते वेगळ्या लोकांनी ठरवलंय. त्यांची मापं तीनच. दहा, शंभर आणि हजार. मधलं माप नाही. फायबरवाल्यांनी आपली मापं ठरवली, संगणकवाल्यांनी आपली. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही."

"सोयरिकीआधी बैठक करायला नको व्हय?" घोंगडीवाल्यांतला एक म्हातारा म्हणाला.

"तेच तर. म्हणून शंभरच्या भोकात बसतील एवढेच डबे तिकडे रिकामे करता येतात. शंभर भरायला डबे लागतात सेहेचाळीस. त्रेसष्टातून सेहेचाळीस गेले, उरले सतरा."

भोसेकर सरांची बोटं कॅल्क्युलेटरवर नाचली. "मॅडम, सतरा डबे म्हणजे सदतीस. पंचावन्नातले अठरा अजून कमी आहेत!"

"अठरा!" पोरं ओरडली. "अठरा कुठं गेले?" कुणीतरी पुठ्ठ्यावरचा ५५ खोडून १८ करायला खडू मागायला माझ्याकडेच आलं.

"सर, इंजिनाचे साडेपाच-सहा सांगितले ना? आणि बाकीचा डब्यांचा पत्रा. तेलाचा डबा काट्यावर ठेवला की पत्र्याचं वजन त्यात येतंच. तेवढं वजा करा."

सरांनी वजा केलं. पुन्हा केलं. मग कॅल्क्युलेटर खिशात घातला आणि अण्णांकडे बघून जरा अवघडून म्हणाले, "अण्णा, जुळतंय."

मोर्चाचं तोंड पडलं. हिशेब जुळला की मोर्चाला काही कामच राहत नाही. अण्णा ट्रकच्या फळीवर तसेच उभे होते. खाली उतरावं की बोलावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. टेंबेसाहेबांनी एक डोळा उघडला. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. साठीची असेल. उंच, काळीसावळी, पायात टायरच्या वहाणा, कमरेला चंची. लोकांनी तिला वाट दिली.

"शेवंताक्का येडगे," अण्णा फळीवरून म्हणाले. "हुंबेवाडीच्या सरपंच. पठारावरनं आल्यात मोर्चाला."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फळ्यावरच्या मालगाडीकडे पाहिलं. बोटाने एकेक डबा मोजल्यासारखं केलं.

"बाई, ही गाडी कॉलेजात येती कुठनं?"

"कोल्हापूरहून, आक्का."

"कुठल्या वाटंनं?"

"पठारावरून. तुमच्या हुंबेवाडीतूनच. तिथं शाळेशेजारी आमची एक खोली आहे बघा, कुलपातली. लांबचा पल्ला म्हणून मधे यंत्र ठेवलंय."

"व्हय. चर खणताना आमच्या परड्यातनं खणला. तवा माझी मिरची गेली." ती थांबली. "मग ह्यातलं सतरा डबं रिकामंच येत्यात म्हणा."

"हो."

"आमच्या दारावरनं रिकामं येत्यात आन् रिकामंच कॉलेजात जात्यात."

"हो."

"आन् आमच्या वाडीत एक बी फोन न्हाई."

ट्रकच्या ड्रायव्हरने बिडी विझवली. आक्काचा आवाज चढलेला नव्हता. दुधाचा भाव विचारावा तसं ती विचारत होती.

"एका डब्यात किती मानसं बोलतील?"

"आक्का, तीस. एका वेळी तीस."

"वाडीत उंबरा अठ्ठावीस हाय," ती म्हणाली. "गेल्या आषाढात धाकट्या सुनेचं पोट दुखाय लागलं. पोरगा आठ मैल पळत खाली आला जीप सांगाय. जीप आली तवा उजाडलं हुतं. पोर जगलं, देवाची किरपा. पर पळणाऱ्याचा पाय अजून नीट पडत न्हाई." मग तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "एक डबा वाटंत उतरवता येतो का न्हाई, तेवढं सांगा. न्हाई म्हणला तर आम्ही जातो. पुरीभाजीचं पाकीट मिळालंय."

मला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. उतरवता येतो. यंत्र त्यासाठीच असतं. कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी बघितलं नव्हतं, एवढंच. पण ते भर चौकात बोलायचा मला अधिकार नव्हता. रिकामी जागा किती हे बाहेर सांगायचं नसतं, हे पहिल्याच आठवड्यात आम्हाला बजावलेलं. शिवाय त्या सतरा डब्यांचं भाडं कॉलेज देत होतं. गाडी अख्खी त्यांची. आणि माझं कायम व्हायचं पत्र एका महिन्यावर.

"वरिष्ठांना," टेंबेसाहेब माझ्या पाठीशी पुटपुटले, "वरिष्ठांना कळवतो म्हणा."

"येतो उतरवता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. "एक डबा हुंबेवाडीत उतरवता येतो. पण गाडी कॉलेजच्या नावावर आहे. कॉलेजने लिहून द्यायला हवं."

दोनशे माना एकदम ट्रककडे वळल्या.

अण्णांसारखा मुरलेला माणूस मी परत पाहिला नाही. घटकेपूर्वी ते पंचावन्न परत मागत होते. आता त्यांच्याच मोर्चात, त्यांच्याच ट्रकमधून आणलेली माणसं त्यांच्याकडे एक डबा मागत होती. त्यांचा चेहरा क्षणभर एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बंधू-भगिनींनो! हा मोर्चा कशासाठी होता? पंचावन्नासाठी? छे! हा मोर्चा पठारासाठी होता!"

भोसेकर सरांनी दचकून हातातल्या निवेदनाकडे पाहिलं. त्यात पठाराचा शब्द नव्हता.

"एक काय, सतराच्या सतरा डबे मी पठाराला अर्पण करतो!"

टाळ्या झाल्या. पुठ्ठ्यावरच्या ५५ च्या मागच्या बाजूला पोरांनी तिथल्या तिथे "अण्णांचा विजय असो" लिहिलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अण्णा, सतरा नकोत. एकच पुरे. आणि तो उतरवून घ्यायला तिथं तीस फोनांचं आणखी एक वेगळं यंत्र लागतं. ते वरून मंजूर व्हायला दोन वर्षं जातील."

अण्णांचे हात खाली आले. आक्काने चंची उघडली आणि पान काढलं. दोन वर्षं हे तिने बहुधा आधीही ऐकलं असावं.

त्यावेळी टेंबेसाहेब पायरीवरून एक पायरी खाली उतरले. मी त्यांच्याबरोबर सव्वा वर्ष काम केलं होतं, त्यांना कधी पुढे येताना पाहिलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. कप अजून हातातच होता.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे साहेब?"

"ते यंत्र. आपल्या स्टोअरमध्ये. खोक्यात. दोन हजार तीन साली चुकून दोन आली होती. परत पाठवायचं तर चौकशी लागली असती, म्हणून मी… म्हणून ते ठेवलं." त्यांनी उरलेला थंड चहा एका घोटात संपवला. "चालू आहे. दर दिवाळीला मी पुसतो."

आक्काने पान जुळवता जुळवता त्यांच्याकडे पाहिलं. "लई बेस केलंसा," ती म्हणाली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं कुणी म्हटलं नसावं. ते आत गेले आणि बराच वेळ स्टोअरची किल्ली शोधत राहिले. ती त्यांच्या खिशातच होती.

त्याचे परिणाम व्हायचे ते झालेच. "रिक्त क्षमतेची माहिती जमावासमोर उघड केली" म्हणून मला मेमो आला आणि माझं कायम होणं सहा महिने लांबलं. मेमोचं उत्तर टेंबेसाहेबांनीच लिहून दिलं. दोन शब्दांचं. ते चाललं.

मे महिन्यात हुंबेवाडीत फोन लागले. मी आणि टेंबेसाहेब जीपने वर गेलो. शाळेशेजारच्या खोलीत यंत्र बसवलेलं, त्यातून निघालेल्या वायरी घरोघर गेलेल्या. दारात अण्णांचा फ्लेक्स होता, "पठाराला अण्णांची भेट: १७ डबे!" एक म्हातारा माझ्या मागे मागे फिरत विचारत होता, सतरा डबं कुठायत, गोडतेलाचं हायत का रॉकेलचं. शेवटी अण्णांनी फीत कापली, भाषण केलं, आणि खाली दुसरं उद्घाटन असल्याने निघून गेले.

पहिला फोन आक्काच्या ओसरीवर होता. नातीने नंबर फिरवला. पलीकडे तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स होती. आक्काने रिसीव्हर उलटा धरला, मग सुलटा केला आणि ओरडली, "कुणी आजारी न्हाई! बघतोय नुसतं!" आणि ठेवला.

मग ती आत गेली. आम्हाला ताक आणलं, आणि ताकाबरोबर एक घडी घातलेला कागद. घडीच्या रेघा काळ्या पडल्या होत्या.

"हे वाचा."

मी उघडलं. आमच्या ऑफिसचं छापील पत्र होतं. सरपंच, हुंबेवाडी यांस. आपल्या दूरध्वनीच्या मागणीबाबत कळविण्यात येते की, तूर्त क्षमता उपलब्ध नाही. खाली शिक्का आणि सही. व्ही. खटावकर.

तारीख मोर्चाच्या सात महिने आधीची होती. मला ते पत्र आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. रोज तशी पन्नास यायची, क्लार्क गठ्ठा ठेवायचा, मी चहा घेता घेता सह्या करायची. दोन्ही यंत्रं तेव्हाही होती, एक वाडीतल्या खोलीत आणि एक आमच्या स्टोअरमध्ये. डबे तेव्हाही रिकामेच होते.

"मला वाचता येत न्हाई," आक्का म्हणाली. "नातीनं वाचलं. मी म्हणलं, ही खटावकर कोण बाई हाय बघू तरी. हितं न येता, न बघता हिला जागा न्हाई असं कळतंय म्हणजे लई मोठी बाई आसंल. तेवढ्यात अण्णांचा ट्रक आला. म्हणलं, फुकट जायाला मिळतंय तर जाऊ."

"म्हणजे तुम्ही मोर्चाला…"

"मला काय कळतंय पंचावन्नातलं? तुम्हाला बघायला आल्ते."

टेंबेसाहेब ताकाच्या पेल्यात बघत होते. माझे कान तापले होते. त्या दिवशी फळ्यासमोर तिने मला ओळखलं होतं आणि दोनशे माणसांत एक शब्दही काढला नव्हता. तिने नुसतं विचारलं होतं, डबा वाटेत उतरतो का.

"आक्का, चुकलं माझं," मी म्हणाले. "हे पत्र मला द्या. फाडून टाकते."

तिने हात पुढे केला आणि कागद माझ्या बोटांतून अलगद काढून घेतला. पुन्हा त्याच घड्यांवर घडी घातली आणि चंचीत, सुपारीच्या कप्प्यात ठेवला.

"ऱ्हाऊ दे माझ्याजवळ," ती म्हणाली. "फोन बंद पडला की लागंल."